पावसाला वाट, मुळांना ओल : गोव्याच्या अंगणातील फुलांचा वाफा

गोमंतकातील घराच्या अंगणात तुळशी वृंदावनाच्या सोबतीला चार फुलझाडे असावीत, ही जुनी रीत. पूजेला तगर आणि जास्वंद, केसांत माळायला आबोली, चवथीच्या दिवसांत तेरडा, दसऱ्याला झेंडू असा फुलांचा पुरवठा पूर्वी घराच्या परसातूनच होत असे. म्हार्दोळच्या महालसा देवस्थानातील जायांची पूजा तर एका फुलाभोवती उभ्या राहिलेल्या उत्सवाचे उदाहरण आहे. आज मात्र अनेक घरांत हीच फुले बाजारातून विकत आणली जातात आणि त्यांपैकी बरीचशी घाटापलीकडून आलेली असतात.

परसातील फुले कमी होण्याला जागेची टंचाई हे एक कारण आहेच. पण जागा असूनही वाफा न जमणारी घरे पुष्कळ आहेत. पहिला पाऊस पडला की रोपवाटिकेतून रोपे आणली जातात, अंगणात वीतभर खड्डा काढून ती लावली जातात, महिनाभर ती तरारतात आणि श्रावणात पिवळी पडून कुजतात. दिवाळीनंतर पुन्हा नवी रोपे येतात आणि ती चैत्रात करपतात. मग ‘आपल्या हाताला गुण नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः दोष हाताचा नसतो. रोप लावण्यापूर्वी जे काम जमिनीत व्हायला हवे होते, ते झालेले नसते.

तीन मीटर पावसाचा हिशेब

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. याचा अर्थ एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे ३००० लिटर पाणी पडते. तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद अशा साध्या वाफ्यावर एका पावसाळ्यात मोठा टँकर रिकामा व्हावा, इतके पाणी ओतले जाते. उरलेल्या आठ महिन्यांत मात्र तोच वाफा जवळजवळ पूर्णपणे माणसाने घातलेल्या पाण्यावर जगतो.

त्यामुळे येथील वाफ्याला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. चार महिने त्याने पाणी जाऊ द्यायचे असते आणि आठ महिने ते धरून ठेवायचे असते. कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेल्या पुस्तकांतील खोलगट वाफे, भोवती वरंबा घालून केलेली आळी, ही रचना येथे पावसाळ्यात मुळांना बुडवते. याउलट नुसत्या वाळूचा उंचवटा केला तर तो माघ-फाल्गुनातच कोरडा ठणठणीत होतो. गोव्यातील फुलांच्या वाफ्याचे यश या दोन गोष्टींचा मेळ घालण्यावर ठरते.

जागेची निवड

झेंडू, झिनिया, कॉसमॉस, शेवंती, गुलाब यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. आबोलीला सकाळचे ऊन आणि दुपारची विरळ सावली मानवते. तेरडा अर्धवट सावलीतही फुलतो. जागा निवडताना ऊन कोठून येते हे एकाच दिवशी पाहून भागत नाही. पावसाळ्यात उत्तरेकडे झुकलेला सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतो. मे महिन्यात उन्हात असलेला कोपरा डिसेंबरात घराच्या सावलीत जाऊ शकतो.

कौलारू घरांत पागोळ्यांची रेघ पाहून ठेवणे अगत्याचे आहे. छपरावरचे सारे पाणी ज्या ओळीत जमिनीवर आदळते, तेथे माती घट्ट होते आणि उडालेल्या चिखलाने पानांवर रोग पसरतात. वाफा त्या रेघेपासून किमान दोन फूट दूर असावा. जोत्याला चिकटून वाफा केल्यास भिंतीत ओल शिरते आणि वाळवीलाही आयती वाट मिळते. तेथेही दीड-दोन फुटांचे अंतर राखावे. माडाच्या बुंध्याजवळची जागा टाळावी. माडाची दाट, तंतुमय मुळे वाफ्यातील खत आणि ओल पाहता पाहता ओढून घेतात.

जमिनीची ओळख

गोव्यातील अंगणांत साधारणपणे तीन प्रकारची जमीन आढळते. सड्यावर आणि डोंगरउतारावर जांभ्याची तांबडी माती असते. ती आम्लधर्मी असते, तिच्यातील चुना पावसाने वाहून गेलेला असतो आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला बांधून ठेवतात; त्यामुळे खत घालूनही फुलांचा बहर कमी राहतो. किनारपट्टीलगत वाळूसर जमीन असते. तिच्यातून पाणी चटकन निघून जाते आणि पाण्याबरोबर अन्नद्रव्येही जातात. खाडीकाठच्या खाजन भागात माती चिकण आणि खारवट असते. तिच्यात थेट लावणी करण्यापेक्षा तिच्यावर उंच वाफा बांधणेच शहाणपणाचे.

नव्या घरांच्या बाबतीत चौथा प्रकारही लक्षात घ्यावा लागतो. बांधकामाच्या वेळी भरणीसाठी टाकलेला मुरूम यंत्राने दाबलेला असतो आणि त्यात सिमेंटचे, चुन्याचे तुकडे मिसळलेले असतात. अशी जागा वरून तांबडी व चांगली दिसते. पण कुदळ चार बोटांपलीकडे जात नाही. हा राडारोडा काढल्यावाचून कोणतेही खत उपयोगी पडत नाही.

पाण्याचा निचरा तपासण्याची पद्धत सोपी आहे. एक फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा काढून तो पाण्याने भरावा. ते पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि पातळी किती वेगाने उतरते ते पाहावे. तासाला एक इंच किंवा त्याहून अधिक पाणी उतरत असेल तर निचरा समाधानकारक आहे. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी असेल तर त्या जागी उंच वाफ्याला पर्याय नाही. अगदी थोड्या वेळात खड्डा कोरडा पडत असेल तर ओल धरणारे द्रव्य वाढवावे लागेल.

मातीची आम्लता नजरेने कळत नाही. तिचे परीक्षण करून घ्यावे. अंगणातील चार-पाच ठिकाणी वीतभर खोलीपर्यंतची माती घेऊन ती एकत्र करावी, सावलीत सुकवावी आणि अर्धा किलो नमुना द्यावा. राज्याच्या कृषी खात्याची विभागीय कार्यालये आणि जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे याविषयी चौकशी करता येते. सामू ५.५ पेक्षा कमी असल्यास दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम शेतीचा चुना लावणीपूर्वी तीन आठवडे मातीत मिसळावा. परीक्षणाशिवाय चुना घालणे धोक्याचे आहे. पिटकोळी (इक्झोरा) आणि अनंत यांसारख्या आम्लप्रिय झाडांची पाने चुन्याने पिवळी पडतात. सिमेंटच्या कुंपणालगत लावलेली पिटकोळी फिकी दिसते, त्याचेही एक कारण बहुधा हेच असते.

वाफ्याची बांधणी

वाफ्याचे काम उन्हाळ्यात, शक्यतो एप्रिलच्या मध्यापर्यंत सुरू करावे. दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल अशा वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नसावी. कुंपणाला लागून असलेल्या वाफ्याला दोन-अडीच फूट पुरतात. रुंदी वाढली की निंदणी करताना वाफ्यात पाय पडतो आणि पायाखाली दबलेल्या मातीतील हवा निघून जाते. एकदा भरलेल्या वाफ्यात पुन्हा पाय न ठेवणे, हा नियम काटेकोरपणे पाळावा.

प्रथम दीड फुटापर्यंत जमीन खणून दगड, मुळे आणि राडारोडा काढावा. वरची सहा इंच माती वेगळी ठेवावी, कारण जिवंत माती तीच असते. खालचा थर कुदळीने मोकळा करावा. वाळूसर जमीन असल्यास तळाशी नारळाच्या सोडणांचा एक थर, सोडणांची पोकळ बाजू वर ठेवून, पसरावा. माडाच्या खड्ड्यात वापरली जाणारी ही जुनी युक्ती फुलझाडांनाही लागू पडते. सोडणे ओल धरतात आणि सावकाश कुजून मातीत मिसळतात. चिकण जमिनीत मात्र तळाला सोडणे घालू नयेत, तेथे ती पाणी साचवतात.

वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा आठ ते दहा इंच उंच असावा. कडेला चिरे लावायचे असल्यास ते सिमेंटने जोडू नयेत. सुटे, अर्धवट पुरलेले चिरे आपापसांतल्या फटींतून पाणी बाहेर सोडतात. भोवती वीतभर रुंदीचा चर काढून त्याला उताराच्या दिशेने किंचित ढाळ द्यावा. तीन मीटर लांबीला तीन ते पाच सेंटिमीटर ढाळ पुरेसा होतो. हा चर कोठे जाऊन मिळतो, हे आधीच ठरवावे. शेजाऱ्याच्या कुंपणाखाली सोडलेले पाणी पुढे वादाचे कारण ठरते.

माती भरताना

भरणीसाठी दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग वाळू किंवा धुतलेला काथ्याचा भुसा असे मिश्रण सर्वसाधारणपणे योग्य ठरते. चिकण मातीत वाळू आणि वाळूसर मातीत भुसा घ्यावा. तीन मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच वाफ्याला सुमारे ९०० लिटर मिश्रण लागते. पंधरा लिटरचे घमेले धरले तर माती ३० घमेली, खत १५ आणि वाळू अथवा भुसा १५ घमेली, असा हिशेब होतो. याशिवाय दर चौरस मीटरला १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि १०० ग्रॅम हाडांचा चुरा मिसळावा.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू वाफ्यात आणू नये. तिच्यातील मीठ मुळांना मारते आणि शिंपल्यांचा चुरा मातीचा सामू बदलतो, शिवाय किनाऱ्यावरून वाळू उचलणे कायद्यालाही मान्य नाही. ताजे शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे होरपळतात आणि हुमणीच्या अळ्या वाढतात. काथ्याचा भुसा न धुता वापरू नये, कारण त्यातही क्षार असतात. दोन-तीन वेळा पाणी बदलून तो भिजवून घ्यावा.

भरलेला वाफा एकदा चांगला भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावे आणि कडा मातीने दाबाव्यात. एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे वाफा असा तापला की तणाचे बी, बुरशी आणि सूत्रकृमी यांचा जोर पुष्कळ कमी होतो. याच काळात माती दोन-तीन बोटे खाली बसते. पावसापूर्वी ती भर पुन्हा घालावी.

कोणते फूल केव्हा

फुलांचे वेळापत्रक सणांवरून मागे मोजत ठरवणे सोयीचे पडते. तेऱड्याचे बी मृगाच्या पावसात, जूनच्या मध्यास पेरले तर साधारण दोन महिन्यांत म्हणजे चवथीच्या सुमारास फूल मिळते. पावसाळ्यात सड्यांवर रानतेरडा आपोआप फुलतो, त्यावरून हे फूल येथील पावसाला किती सरावलेले आहे हे कळते.

झेंडूला पेरणीपासून पहिला बहर यायला जातीनुसार ५५ ते ८० दिवस लागतात. मोठ्या फुलाच्या उंच झेंडूसाठी दसऱ्यापासून ७५ ते ८० दिवस मागे मोजून पेरणीची तारीख काढावी. ती ऐन पावसात येत असल्याने पेरणी ट्रेमध्ये, आडोशाला करावी आणि २५ दिवसांची रोपे दीड फुटाच्या अंतराने वाफ्यात लावावीत. रोपाला चार-पाच जोड्या पाने आल्यावर शेंडा खुडला तर फांद्या व फुले वाढतात. पण बहर दहा-पंधरा दिवस लांबतो. शेंडा खुडायचा असल्यास तेवढे दिवस आधी पेरावे.

शेवंतीला लहान दिवस लागतात. रात्री लांबू लागल्या की तिला कळ्या धरतात आणि नोव्हेंबर ते जानेवारी हा तिचा बहर असतो. जून-जुलैत कोवळ्या शेंड्यांची छाट कलमे करून ती पाऊस ओसरताना वाफ्यात लावावीत. रात्रभर पेटणाऱ्या रस्त्याच्या किंवा अंगणाच्या दिव्याखाली शेवंती लावू नये. त्या उजेडाने तिला रात्र झाल्याचे कळत नाही आणि झाड नुसते पानांनीच माजते.

आबोलीची लागवड मोठा पाऊस सरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस करावी. दोन झाडांत फूटभर आणि दोन ओळींत दोन फूट अंतर ठेवावे. सुकलेल्या कणसांवर पाणी पडताच बोंडे तडकन फुटून बी दूर उडते. म्हणून बी धरायचे असल्यास पिकलेली कणसे कोरडी असतानाच काढून कागदी पिशवीत ठेवावीत. ‘दिल्ली आबोली’ म्हणून मिळणाऱ्या जातीला बी धरत नाही; ती छाट कलमांनीच वाढते. ज्या घरात गावठी आबोलीचे झाड अजून टिकून आहे, तेथे दर वर्षी थोडे बी राखणे मोलाचे आहे. आबोलीची फाती विकत मिळते, पण बाजारात न येणारी जात एकदा गेली की परत मिळणे कठीण.

आबोलीच्या मुळांना सूत्रकृमी फार छळतात. झेंडूची मुळे या सूत्रकृमींना आळा घालतात. त्यामुळे एका वाफ्यात वर्षभर झेंडू आणि त्यानंतर आबोली, असा फेरपालट लाभाचा ठरतो. जागा दोनच वाफ्यांची असली तरी तो करता येतो.

पाणी, खत आणि आच्छादन

पाऊस थांबल्यावर वाफ्याला आठवड्याला दर चौरस मीटरमागे सुमारे २५ लिटर पाणी लागते. ते रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन वेळा सावकाश, खोलवर द्यावे. रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी झाड माना टाकते. पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. पाणी हवे की नको, हे बोटानेच पाहावे. दोन इंच खोल माती ओलसर लागत असेल तर थांबावे. किनारी भागात उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होते आणि पानांच्या कडा तपकिरी पडतात. अशा वेळी आठवड्यातून एकदा गोडे पाणी भरपूर देऊन क्षार खाली उतरवावेत.

पावसाळ्यात अन्नद्रव्ये वाहून जातात, म्हणून खत एकदम न घालता थोडे थोडे द्यावे. दर तीन आठवड्यांनी झाडामागे मूठभर गांडूळखत, आणि पाऊस उघडल्यावर पंधरवड्याने एकदा शेणाची पातळ स्लरी पुरते. एक भाग शेण व दहा भाग पाणी तीन-चार दिवस आंबवून ती तयार होते. चुलीची राख पालाश देते आणि आम्लता किंचित कमी करते. मात्र ती ओल्या शेणात किंवा युरियात मिसळू नये, त्यातील नत्र हवेत उडून जाते.

ऑक्टोबरपासून मेपर्यंत वाफ्यावर सुक्या पानांचे दोन-तीन इंच आच्छादन ठेवावे. आंबा, फणस, काजूची पाने चुरून घातली तर लवकर कुजतात. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. अंगणातील पाचोळा जाळण्याऐवजी वाफ्यावर आला तर पाण्याची बचत होते आणि खताचा खर्चही उतरतो. पावसाळ्यात हा थर पातळ करावा, नाहीतर त्याखाली गोगलगाई मुक्काम करतात.

वाफ्याची राखण

पावसाळ्यातील मोठा शत्रू गोगलगाय. संध्याकाळी वाफ्याशेजारी ओले गोणपाट पसरून ठेवावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचाव्यात व मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. वाफ्यात मीठ टाकण्याची चूक कधीही करू नये. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. तो टिकून राहिल्यास एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून ऊन उतरल्यावर फवारावे. मर रोगाने एक झाड बसले तर ते मुळासकट, भोवतीच्या मातीसह काढून दूर टाकावे.

उतरलेली फुले दर दोन-तीन दिवसांनी खुडावीत. बी धरू लागले की झाडाचे बळ तिकडे जाते आणि नव्या कळ्या थांबतात. तण बी धरण्यापूर्वी उपटावे. आठवड्यातून तीन वेळा दहा मिनिटे दिली तर निंदणीचे वेगळे काम उरत नाही.

दर वर्षी मे महिन्यात वाफ्यावर एक इंच जाडीचे कुजलेले खत पसरून ते वरच्या थरात हलके मिसळावे. वर दिलेल्या मापाच्या वाफ्याला सहा घमेली पुरतात. त्याच वेळी भोवतीचा चर साफ करावा, सुटलेले चिरे बसवावेत. पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन वाफ्याजवळ जाऊन पाणी कोठे थांबते, कोठून वाहते ते पाहावे. थांबलेल्या पाण्याला तेव्हाच वाट काढून दिली, तर श्रावणात रोपे कुजण्याची पाळी सहसा येत नाही.